बादली उतरायला लागलेला वेळ

५ जानेवारी, रविवार. एकेचाळीस मिनिटं.
बदललं: काही नाही. आज फक्त मोजलं.

पहिल्या दिवशी हात लावायचा नाही, हा अप्पांचा नियम. बिघडलेली वस्तू आधी नीट बिघडू द्यायची, बघायची, आकडा लिहायचा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि सुधारणा झाली, तर कशाने झाली ते कळत नाही. आणि जे कळलं नाही ते दुरुस्त झालं असं म्हणायचं नाही. बंगळूरच्या पीण्या या कारखान्यांच्या भागात माझ्या वडिलांनी, नागोजींनी, बत्तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधल्या त्या अशा.

आकडा म्हणजे: वीस लिटरची बादली, अप्पा राहतात त्या बसच्या संडासात एकदम ओतायची आणि पाणी पुन्हा पहिल्या पातळीला यायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. तीन-चार मिनिटं ठीक. एकेचाळीस मिनिटं म्हणजे त्या संडासात सकाळी एकदा गेलेल्या माणसाने दुपारपर्यंत थांबायचं.

वही मराठीत, अक्षरं कानडी. आमच्यासारख्या इथल्या जुन्या घरांत तसंच असतं. मी देवनागरी उशिरा शिकले. इथे ती वही उतरवून काढते आहे. मधलं जे वहीत नाही, तेही.


वहीत नाही:

निवृत्त झाल्यावर अप्पांनी सोळा सीटांची एक जुनी गाडी घेतली आणि तिचं घर केलं. पलंग, गॅसची शेगडी, पत्र्याचं कपाट, मागच्या कोपऱ्यात संडास. आईला घेऊन देश बघायचा होता. आईला, रत्नाबाईला, गाडी लागायची. बस तुमकूरच्या पुढे कधी गेली नाही. तुमकूरला त्यांनी इडल्या खाल्ल्या आणि परत आले, आणि आई लोकांना सांगायची की आमचा प्रवास झाला.

आई गेल्यावर अप्पा अण्णाकडे राहिले. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ अभिराज. राजाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. रम्यावहिनीने काही कमी केलं नाही. सात महिन्यांनी अप्पांनी पिशवी भरली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, त्या घरात काही बिघडतच नाही. नळ टपकला की फोन करतात, माणूस येतो.

मग बस पीण्यात त्यांच्याच जुन्या शेडमागच्या अंगणात उभी राहिली. पुढची शेड चंदनला भाड्याने दिलेली. त्याचं लेथचं काम. अप्पांनी अंगणात दोन निळे प्लॅस्टिकचे पिंप पुरले, दोनशे-दोनशे लिटरचे. बसच्या संडासातून चार इंची पाइप पहिल्या पिंपात. तिथे घाण बसते, कुजते, पातळ होते. वरचं पाणी दुसऱ्या पिंपात जातं. त्याला बाजूंनी भोकं, भोवती खडी, आणि तिथून जमिनीत. सेप्टिक टाकीच, पण घरी केलेली. दीड वर्ष झकास चालली. नोव्हेंबरपासून तुंबायला लागली.

चंदनने वासाची तक्रार अप्पांकडे नाही केली, अण्णाकडे केली. अण्णाने अट घातली: उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, टाकी नीट झाली तर ठीक, नाहीतर अप्पांनी राजाजीनगरला यायचं आणि बस विकायची.

अप्पा म्हणाले, सरी. ठीक.

दिलेला शब्द त्यांनी कधी मोडलेला मला आठवत नाही. त्यामुळे मी घाबरले.


१२ जानेवारी. अडतीस.
बदललं: पाइपात बांबूच्या पट्ट्या घालून साफ केला. एक चमचा निघाला.
तसंच ठेवलं: बाकी सगळं.

१९ जानेवारी. अडतीस.
बदललं: हवेचा पाइप. वरच्या जाळीवर कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. काढलं.
अप्पा म्हणाले, बिचारीचंही घर गेलं, आणि उपयोग शून्य.

२६ जानेवारी. सत्तावीस.
बदललं: बस.

हे मला लिहायला आवडलं होतं. मागच्या डाव्या चाकातली हवा बसली होती. बस एका कुशीवर कलली होती आणि पाइपाचा उतार गेला होता. अप्पांनी जॅक लावला, मी चाकाखाली फळ्या सारल्या. ते काठीचा आधार घेऊन उभे होते, डाव्या पायाला पट्टी. मी म्हटलं बसा, तर म्हणाले, जॅक बसून लावत नाहीत. अकरा मिनिटं एका दिवसात कमी झाली. दोघांनी चंदनकडचा चहा घेतला. चंदन म्हणाला, स्वल्प वास कमी वाटतोय अप्पाजी. वास काही कमी झाला नव्हता.


वहीत नाही: पाय.

अप्पांना साखर आहे. ऑक्टोबरात तळपायाला खिळा लागला. कळलाच नाही. कळलं तेव्हा पू हाडापर्यंत गेला होता. दहा दिवस इस्पितळ, मग घरी अँटिबायोटिकच्या गोळ्या. दिवसाला दोन, सहा महिने, एकही चुकवायची नाही. डॉक्टरीणबाईंनी हे तीनदा सांगितलं. जखम वरून भरेल, त्याच्यावर जाऊ नका, असंही सांगितलं. म्हणून मी दर रविवारी आल्यावर आधी रिकामी पाकिटं बघायची. अप्पा ती रबर लावून, तारखेप्रमाणे ठेवायचे. तपासणीला आलेल्या साहेबापुढे ठेवावीत तशी. मग पट्टी बदलायची. मग टाकी.

गोळ्या नोव्हेंबरात सुरू झाल्या.
टाकी नोव्हेंबरात तुंबली.

हे दोन्ही मला माहीत होतं. दोन वेगळ्या वह्यांत असल्यासारखं माहीत होतं.


२ फेब्रुवारी. अठ्ठावीस.
बदललं: फिनाईल डिसेंबरपासून बंदच आहे. आज पहिल्या पिंपात शेणकाला, अर्धी बादली.

९ फेब्रुवारी. तीस.
पुन्हा वाढलं.

त्या दिवशी मी पिंपाचं झाकण काढून पालथी पडून आत बघितलं. घाण जशीच्या तशी. कुजलेली नाही, पातळ नाही. मध्ये एकदा उपसायला टँकर बोलावला होता. त्याच्या ड्रायव्हरने पिंप वाजवून बघितला आणि म्हणाला, पाइप लावला की हे आत चेपणार. तो गेला. म्हणजे उपाय आतूनच व्हायला हवा होता.

मी बसवनगुडीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पिंपाच्या काठावर बसून मी अप्पांना शिकवलं. आत जिवाणू असतात, अप्पा. ते ही घाण खातात, म्हणून टाकी चालते. टाकी म्हणजे पिंप नाही, टाकी म्हणजे ते. आपण शेणातून जिवंत घातले, आठवड्यात मेले. म्हणजे अजून काहीतरी त्यांना मारतंय.

अप्पांनी विचारलं, कशाने मरतात ते.

मी हातावरचा चिखल पुसत होते. म्हटलं, फिनाईल, ब्लीचिंग, ऍसिड. जंतू मारणारं काहीही.

"काहीही?"

"काहीही. थोडंसं, पण रोज गेलं तरी पुरे. एवढीशी तर टाकी."

ते बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले. मी फोनवर वाचत होते. आंबवलेलं पीठ घालतात, असं एका ठिकाणी सापडलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून डोशाचं पीठ आणलं, दोन पाकिटं, आणि अप्पांना सांगितलं, रोज रात्री दोन पळ्या संडासात ओतायच्या.

"सरी, पुट्टी," अप्पा म्हणाले. छत्तीस वर्षांच्या बाईला ते अजून पुट्टी म्हणतात. लहान मुलीला म्हणतात ते.


१६ फेब्रुवारी. बावीस.
बदललं: डोशाचं पीठ.

२३ फेब्रुवारी. तेरा.
बदललं: तेच चालू.

मी वर्गात सांगितलं. मुलं हसली. एका मुलीने विचारलं, मॅम, चटणी पण लागते का.

२ मार्च. सात.

९ मार्च. पाच. पिंपात वरती तपकिरी साय आलेली. बुडबुडे. जिवंत आहे. जिवंत. जिवंत.
(मी खरंच तीनदा लिहिलं आहे.)

पाकिटं: रिकामी, रबर लावलेली, तारखेप्रमाणे.
जखम: बंद. कोरडी. आजूबाजूला किंचित गरम. मला वाटलं, उन्हाचे दिवस आहेत.


१६ मार्च. चार.

अण्णा आला. इस्त्रीच्या शर्टात बसमध्ये शिरला, स्वतः बादली भरली, ओतली, हातातल्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. चार मिनिटं झाली. पाणी उतरलं. अण्णाने झाकणाजवळ जाऊन वासही घेतला, वाकून. मग अप्पांकडे वळला.

"सरी अप्पा. तुम्ही जिंकलात. राहा."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी अण्णाच्या पाठीवरून हात फिरवला, जसा नव्या बॉडीच्या पत्र्यावरून फिरवायचे, कुठे फुगवटा राहिलाय का बघत. म्हणाले, उगादीला सगळे इकडेच या, पुरणाच्या होळग्या इथेच करू. रम्याला सांग, शेगडी दोन बर्नरची आहे.

अण्णा मला बाहेर म्हणाला, पिठाने झालं हे? खरंच? मी म्हटलं, विज्ञान आहे. तो म्हणाला, माझ्या पोटालाही डोसेच सोसतात, त्यात विज्ञान कसलं. मी त्या दिवशी फार सुखात घरी गेले. मेट्रोत उभ्या उभ्या वही उघडून आकड्यांचा आलेख काढला. रेघ खाली खाली येत होती.


२० मार्च, गुरुवार.
मोजलं नाही.

चंदनचा फोन सकाळी सव्वाआठला. अप्पाजी दार उघडत नाहीत. मी पोचेपर्यंत त्याने खिडकीतून हात घालून कडी काढली होती. अप्पा पलंगावर, डोळे उघडे, दात वाजत होते. चादर पायापाशी ओली, पिवळी. घोट्याच्या वरपर्यंत कातडी काळसर आणि तकतकीत. त्यांनी मला बघितलं आणि पहिली गोष्ट काय म्हणाले, तर उठवत नव्हतं पुट्टी, चादर खराब झाली.

गाडी येईपर्यंत त्यांचे कपडे घ्यायला मी पत्र्याचं कपाट उघडलं. खालच्या खणात नटबोल्टचे डबे. एका डब्यावर चिकटपट्टी, त्यावर त्यांचं टपोरं कानडी अक्षर, भाषा मराठी:

बंद केल्या. १० फेब्रुवारी, सकाळ.

आत गोळ्या. पाकिटातून काढलेल्या. त्यांना त्या टाकीत टाकायच्या नव्हत्या, हे उघडच आहे. कचऱ्यातही टाकल्या नव्हत्या. चांगली वस्तू त्यांनी कधी टाकली नाही. मी त्या इस्पितळाच्या बाकावर बसून मोजल्या. शहात्तर.

अडतीस दिवस.


डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत. अण्णा म्हणाला, बंद नाहीत, घेतात ते, माझी बहीण दर रविवारी बघते. मी तारीख सांगितली. अण्णा माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. वरून भरलं आणि आतून हाडात पसरत गेलं, असं त्या म्हणाल्या. गुडघ्याच्या वर कापावं लागेल, आणि तेही आज झालं तर बरं.

कागदावर सही अण्णाने केली. त्याचा हात थांबला तेव्हा मी कागदाचा कोपरा दाबून धरला.




आता वही नाही. पण सवय लागली आहे.

२३ मार्च, रविवार. शस्त्रक्रियेनंतर तिसरा दिवस.
बदललं: डावा पाय, मांडीच्या मध्यापर्यंत.
तसंच ठेवलं:

अप्पा शुद्धीवर होते. अण्णा औषधं आणायला खाली गेला होता. मी खुर्ची जवळ ओढली. ते छताकडे बघत होते. मी डब्याबद्दल विचारलं तर त्यांनी नाही म्हटलं नाही. एखाद्या पोराने कामातली चूक विचारावी आणि ती समजावून सांगावी, तसे बोलले. आवाज बारीक.

"तू सगळं काढून बघितलंस. पाइप, हवा, उतार, फिनाईल. मीच तेवढा राहिलो होतो."

"मग आठ दिवसांनी परत सुरू करायच्या. बघितलंत ना, कळलं ना."

"आकडा उतरायला लागला. कसा सोडायचा?"

मी म्हटलं, दोन गोष्टी एकदम बदलल्यात तुम्ही. पीठ आणि गोळ्या. तुमचाच नियम. कशाने झालं ते तुम्हाला कसं कळलं? माझा आवाज चढला होता. बाजूच्या पलंगावरची बाई वळून बघायला लागली. मला त्यांना कुठेतरी पकडायचं होतं. कुठेही.

अप्पा जरा ओशाळले.

"पीठ मी घातलंच नाही. एक दिवसही नाही." मग थांबून, "डोसे केले. चंदनने पण खाल्ले. चांगलं पीठ होतं."

मी हसले. हसू फुटलं, आणि मग त्याचं जे व्हायचं ते झालं. अप्पांनी सुई लावलेला हात माझ्याकडे सरकवला, पण नळी आखूड होती.

थोड्या वेळाने मी म्हटलं, तुम्ही मला सांगायचं होतंत. गोळ्या सुरू असेपर्यंत भांडं वापरलं असतं. टाकीत काही गेलंच नसतं. तीन महिन्यांचा तर प्रश्न. मी रोज आले असते कॉलेजच्या आधी. मी उचललं असतं.

"माहीत आहे," अप्पा म्हणाले. "तू उचललं असतंस. म्हणूनच नाही सांगितलं."


अण्णाने मला एकदाच विचारलं, जिन्यात. हे यांच्या डोक्यात आलंच कसं? कोणी सांगितलं त्यांना, गोळ्यांनी टाकी मरते म्हणून?

मी म्हटलं, त्यांचं त्यांनाच सुचलं असेल.

खोटं नाही. पुरतं खरंही नाही. बारावीच्या पुस्तकात तो धडा आहे. मी तो अकरा वर्षं शिकवते. काचेच्या बशीत जिवाणू वाढवायचे, मध्ये औषधाचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. मुलांना ते वर्तुळ मोजायला लावते. अप्पा शिकलेले सातवीपर्यंत. त्यांनी पिंपाच्या काठावर बसून एका दुपारी ते मोजलं.

मी त्यांना विचारायला हवं होतं, अप्पा, एवढा वेळ झाकणाकडे काय बघताय.

एवढंच विचारलं असतं तर.


३० मार्च. उगादी.

इस्पितळातल्या आया सुट्टीवर. ज्या होत्या त्या दोघी खालच्या वॉर्डात. मी पावणेआठला पोचले, रम्यावहिनीने दिलेला होळग्यांचा डबा घेऊन. अप्पा जागे होते. चेहरा ताणलेला, कपाळावर घाम. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. ताप बघितला, नव्हता. मग माझ्या लक्षात आलं. पहाटेपासून ते थांबले होते. आया येतील म्हणून.

मी पलंगाखालचं भांडं काढलं.

ते म्हणाले, अभीला येऊ दे.

अण्णाला यायला तास होता. मी सांगितलं. ते म्हणाले, थांबतो. मी भांडं हातात धरून उभी राहिले. वॉर्डात कोणीतरी कडुनिंब आणि गूळ वाटत होतं. आमच्याकडे आलं तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं. अप्पा डोळे मिटून मोठे श्वास घेत होते, जसे जॅक फिरवताना घ्यायचे. मी पडदा ओढला.

पाच मिनिटं असतील. दहा असतील. मी घड्याळ बघितलं नाही.

मग त्यांनी उजवा गुडघा वाकवला आणि कंबर उचलायचा प्रयत्न केला. एका पायाने ती नीट उचलली जात नव्हती. मी पाठीखाली हात घातला. ते किती हलके झाले होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि ते झाल्यावरही तिकडेच ठेवलं. मी पुसलं, चादर सरळ केली, भांड्यावर फडकं टाकलं, आणि पॅसेजच्या शेवटच्या संडासात जाऊन ओतलं. साखळी ओढली. सगळं एका क्षणात गेलं. भांडं धुतलं. पुन्हा धुतलं. नळ चालू ठेवून तिथे थोडी उभी राहिले.

परत आले तेव्हा अप्पा तसेच, भिंतीकडे. मी भांडं खाली सरकवलं, हात पुसले. होळग्यांचा डबा उघडला. तुपाचा वास आला.

"नऊ वाजले का?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

मी म्हटलं, अजून नाही, पाऊण तास आहे.

"नऊची गोळी दे आत्ताच," अप्पा म्हणाले, आणि न वळता हात माझ्या बाजूला पसरला. "आता कशाला थांबायचं."